सक्तीने सुटलेली बिडी कायमची सुटते का?

(आकाशवाणीच्या शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एरवी मी आपल्याशी बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचे आहे बिडीविषयी. आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, शेतीखात्याच्या माणसाला बिडीशी काय करायचंय? ते काम डॉक्टरांचं. म्हणणे अगदीच चूक नाही. पण बिडीचा आणि शेतीचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

कडब्याची गंजी किंवा उसाचे पाचट पेटायला एक थोटूक पुरते, हे आपण जाणताच. दुसरी गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. तंबाखूच्या पानातला मोझॅक रोगाचा विषाणू बिडी-तंबाखू हाताळणाऱ्याच्या बोटांवरून टोमॅटोच्या आणि मिरचीच्या रोपांवर जाऊ शकतो. म्हणून लागणीच्या वेळी रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, असे आम्ही सांगतो. तिसरी गोष्ट फवारणीची. औषधाने भिजलेल्या हाताने बिडी ओढली की ते विष सरळ तोंडात जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, शेत कसणाऱ्या माणसाचीच छाती भात्यासारखी वाजू लागली, तर सुधारलेले बियाणे आणून तरी काय उपयोग?

म्हणून हा विषय घेतला. पण बिडी वाईट आहे, एवढेच सांगायला मी आलेलो नाही. ते ओढणाऱ्यालाही माहीत असते. गावोगाव फिरताना मला विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. एखादी बहीण विचारते, "साहेब, मालक दवाखान्यात होते तेव्हा वीस दिवस बिडीला शिवले नाहीत. घरी आले आणि पुन्हा सुरू. त्यांना आणखी थोडे दिवस तसंच ठेवलं असतं तर सुटली असती का?" एखादा तरुण विचारतो, "आबांच्या बिड्या मी लपवून ठेवतो, दुकानदारालाही देऊ नको म्हणून सांगितलंय. याचा उपयोग होईल का?" थोडक्यात प्रश्न असा की, सक्तीने बिडी बंद झाली तर ती कायमची सुटते का? त्याचेच उत्तर आज आपण शोधू.

सक्ती कुठे कुठे होते?

माणसाला बिडीपासून सक्तीने दूर राहावे लागते असे प्रसंग बरेच आहेत. दवाखान्यात खाटेवर पडून राहणे हा एक. तुरुंग हा दुसरा. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या प्रशिक्षणात पहिले काही आठवडे कडक शिस्त असते, तो तिसरा. रमजानच्या महिन्यात रोजा धरणारे आपले मुसलमान बांधव पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत बिडी ओढत नाहीत. श्रावण पाळणारे काही जण महिनाभर बिडी टाकतात. ही शेवटची दोन बंधने माणूस आपण होऊन घेतो, पण त्यांना मुदत असते. मुदत संपली की बंधनही संपते.

आणि २०२० सालची टाळेबंदी तर आपण सगळ्यांनी पाहिली. मार्च महिन्यात पानाच्या टपऱ्या बंद झाल्या. पुढे तंबाखूच्या विक्रीवरही बंदी आली. त्या वेळी काही जणांची बिडी खरोखर सुटली. पण जादा पैसे मोजून चोरून कट्टा आणणारेही आपल्या पाहण्यात आहेत, आणि बिडी मिळेना म्हणून तंबाखू मळू लागलेलेही आहेत.

शरीरात काय घडते?

आता हे समजून घेऊ. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य असते. बिडीचा झुरका घेतला की ते दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि माणसाला बरे वाटते. पण ते फार वेळ टिकत नाही. दोनेक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. यालाच आपण तलफ म्हणतो.

काही लोक म्हणतात, बिडी सिगारेटपेक्षा बरी, तिला कागद नसतो, पान असते. हा गैरसमज आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. त्यामुळे बिडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर आणि जोराने घ्यावे लागतात. छातीत जाणारा धूर आणि काजळी कमी होत नाही, उलट वाढते.

बिडी एकदम बंद झाली म्हणजे पहिल्या दिवसातच शरीर कुरकुर करू लागते. चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, पोट साफ होत नाही, भूक वाढते. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. त्यानंतर हा त्रास हळूहळू उतरतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचा संपतो. म्हणजे दवाखान्यात वीस दिवस काढलेल्या माणसाचे शरीर बिडीच्या मागणीतून बरेचसे मोकळे झालेले असते. सर्वांत अवघड घाट त्याने चढलेला असतो.

मग तो घरी येऊन पुन्हा बिडी का धरतो? कारण बिडीची दोन मुळे असतात. एक शरीरात असते, दुसरे रोजच्या वागण्यात.

हराळीची गोष्ट

हे हराळीसारखे आहे बघा. चैत्र-वैशाखात रान तापते. हराळी वरून वाळून जाते, पिवळी पडते. नवखा माणूस म्हणेल, चला, गेली एकदाची. पण जाणता शेतकरी फसत नाही. त्याला ठाऊक असते की जमिनीखाली काश्या जिवंत आहेत. मृगाचा पहिला पाऊस पडला की चार दिवसांत रान पुन्हा हिरवे. ऊन पडले म्हणून हराळी मेली नाही, ती फक्त थांबली होती.

सक्तीने बंद झालेली बिडी तशीच असते. दवाखाना म्हणजे वैशाखाचे ऊन. तिथे बिडी नाही, पण बिडीची आठवण करून देणाऱ्या गोष्टीही नाहीत. तिथे विहीर नाही, पार नाही, चहानंतर काडी पुढे करणारा दोस्त नाही. रात्री दोन वाजता वीज आली म्हणून दारे धरायला उठायचे नाही. म्हणून तिथे बिडी वाळलेली दिसते. माणूस घरी आला, विहिरीवर गेला, मोटार चालू केली आणि नेहमीच्या दगडावर बसला की हात आपोआप खिशाकडे जातो. ती बिडी शरीराने मागितलेली नसते, त्या दगडाने मागितलेली असते. हा झाला मृगाचा पहिला पाऊस.

पण वैशाखाचे ऊन फुकट जाते का? मुळीच नाही. हराळी काढायची तर तोच हंगाम. त्याच दिवसांत खोल नांगरट करून काश्या उघड्या पाडायच्या, वेचायच्या आणि रानाबाहेर टाकायच्या. पुढे पाऊस पडल्यावर जो कोंब दिसेल तो लगेच कुळवून काढायचा. ऊन अर्धे काम करते, उरलेले अर्धे आपल्याला करावे लागते. सक्तीचेही असेच आहे.

ठिकठिकाणचा अनुभव काय सांगतो?

हे मी नुसते उपमा देऊन सांगत नाही. निरनिराळ्या देशांत याची तपासणी झालेली आहे.

दक्षिण आफ्रिका देशाने २०२० सालच्या साथीत २७ मार्चपासून १७ ऑगस्टपर्यंत सिगारेट-तंबाखूच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली होती. म्हणजे जवळजवळ पाच महिने. इतकी लांब सक्ती क्वचितच झाली असेल. काही लोकांनी त्यात सिगारेट सोडली हे खरे. पण बहुसंख्य ओढणाऱ्यांनी चोरबाजारातून, कितीतरी पट भाव देऊन ती मिळवली. ज्याच्या मनाने सोडायचे घेतले नाही, त्याला नुसत्या बंदीने सोडवता येत नाही, हा त्यातला धडा.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या हवाई दलाचे. तिथे नव्या भरतीच्या जवानांना पहिल्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात सिगारेटला पूर्ण मनाई होती. त्यांची पुढे वर्षभराने चौकशी केली. १९९९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी सिगारेट ओढणाऱ्या १०० जवानांपैकी सुमारे १८ जण वर्षानंतरही सिगारेटपासून दूर होते. बाकीचे ८२ पुन्हा ओढू लागले होते. आता १८ हा आकडा लहान समजू नका. कोणाच्याही मदतीशिवाय आपले आपण सोडू पाहणाऱ्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. म्हणजे सक्तीचा काही उपयोग जरूर झाला. पण टिकले कोण? प्रशिक्षणाला येतानाच ज्यांनी ‘आता पुन्हा धरायची नाही’ असे मनाशी ठरवले होते, त्यांच्यात टिकणारे जास्त निघाले.

तिसरे उदाहरण तुरुंगाचे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका तुरुंगात धूम्रपानाला मनाई होती. सुटकेच्या आधी काही कैद्यांना सहा आठवडे समजावणीचे धडे दिले. बाहेर गेल्यावर तलफ कुठे येईल, तेव्हा काय करायचे, याची तयारी करून घेतली. बाकीच्या कैद्यांना आरोग्याविषयीच्या फिती नुसत्या दाखवल्या. २०१३ साली याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुटकेनंतर तीन आठवड्यांनी, ज्यांची तयारी करून घेतली होती त्यांच्यातले १०० पैकी २५ जण सिगारेटपासून दूर होते, तर ज्यांची तयारी नव्हती त्यांच्यातले फक्त ७. तीन महिन्यांनी हेच आकडे १२ आणि २ असे झाले. सक्ती दोघांनाही सारखीच होती. फरक पडला तो तयारीने.

चौथा अनुभव दवाखान्यांचा, आणि आपल्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा. अनेक देशांतल्या रुग्णालयांतले प्रयोग एकत्र तपासले गेले आहेत. रोगी खाटेवर असताना नुसता उपदेश केला आणि घरी पाठवून दिले, तर फारसा फरक पडत नाही. पण घरी गेल्यावर निदान महिनाभर कोणीतरी त्याची विचारपूस करत राहिले, धीर देत राहिले, तर कायमची सोडणारे स्पष्टपणे वाढतात.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. नुसत्या सक्तीने बिडी थांबते, सुटत नाही. पण सक्तीच्या दिवसांत माणसाने आपला निश्चय केला, आणि सक्ती संपल्यावरचा पहिला महिना घरच्यांनी सांभाळला, तर त्याच सक्तीचे सोने होते.

आपल्याकडची दोन माणसे

आमच्या भागातले एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले. मांडीचे हाड मोडले. तीन आठवडे दवाखान्यात वजन लावून पडून होते. मुलाने बिडी आणून द्यायला साफ नकार दिला. पहिले आठ दिवस त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या, मग शांत झाले. घरी आल्यावर सगळे म्हणाले, चला, पाय मोडला पण बिडी सुटली. कोणी त्यावर पुन्हा काही बोलले नाही. कुबडी घेऊन ते ज्या दिवशी पहिल्यांदा पारावर गेले, त्या दिवशी एकाने प्रेमाने बिडी पुढे केली. "घ्या आबा, मरणाच्या दारातून आलात, एकीनं काय होतंय?" आबांनी एक घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा रोजचा एक कट्टा झाला.

दुसरे एक शेतकरी छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते. तेही सतरा-अठरा दिवस. पण घरी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नीने त्यांना विचारले, "तुम्हाला बिडी कुठं कुठं आठवंल, ते आत्ताच सांगा." दोघांनी बसून मोजले. सकाळी चहानंतर. विहिरीवर. जेवण झाल्यावर. रात्री पाणी द्यायला गेल्यावर. आणि बाजारच्या दिवशी एस.टी.ची वाट बघताना. पाच जागा निघाल्या. प्रत्येक जागेसाठी त्यांनी काहीतरी ठरवले. चहा ओट्यावर न घेता स्वयंपाकघरात बसून घ्यायचा. खिशात भाजलेले चणे आणि बडीशेप ठेवायची. रात्री पाण्याला जाताना महिनाभर धाकट्या भावाने सोबत जायचे. पारावरच्या मंडळींना त्यांनी स्वतः जाऊन सांगितले, "बाबांनो, मी सोडली आहे. मला देऊ नका." असे सांगायलाही हिंमत लागते. त्या गोष्टीला आता चार वर्षे झाली.

दोघांवरची सक्ती सारखीच होती, दिवसही जवळजवळ तेवढेच. मग पहिल्यांची का सुटली नाही? ते दुबळे होते म्हणून नव्हे. त्यांच्या रानातल्या काश्या कोणी वेचल्याच नाहीत.

मग करायचे काय?

आता कामाची गोष्ट सांगतो. आपल्यावर किंवा आपल्या घरातल्या माणसावर अशी सक्ती आली असेल, तर ती वाया घालवू नका. पुढील गोष्टी करा.

पहिली गोष्ट, नाव बदला. ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ असे म्हणू नका. ‘मी सोडली आहे’ असे म्हणा. बोलण्यातला हा फरक लहान दिसतो, पण डॉक्टरांनी बंद केलेली बिडी डॉक्टर नजरेआड झाले की सुरू होते. आपण सोडलेली बिडी आपल्याबरोबर घरी येते, सुटलेलीच.

दुसरी गोष्ट, घरी येण्याआधी घर साफ करून घ्या. कोनाड्यातला कट्टा, सदऱ्याच्या खिशातली काडेपेटी, गोठ्यातल्या वाशाला खोचलेली बिडी, सगळे बाहेर काढा. हे काम घरच्यांनी त्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीने करावे.

तिसरी गोष्ट, आपल्या पाच-सहा जागा मोजा आणि प्रत्येक जागेसाठी दुसरे काहीतरी ठरवा. तलफ आली म्हणजे ती आता संपणारच नाही असे वाटते. तसे नसते. ती पाण्याच्या लाटेसारखी येते आणि साधारणपणे तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढी पाच मिनिटे काढायची. घोट घोट पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, चणे-शेंगदाणे चघळा, उठून चार पावले चाला, बैलाला वैरण टाका. हाताला आणि तोंडाला काम द्या.

चौथी गोष्ट, पहिला आठवडा सगळ्यात जास्त जपा. पुन्हा ओढू लागणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच घसरतात. सक्तीतून बाहेर आलेल्या माणसाचा पहिला आठवडा म्हणजे मोकळीक मिळाल्यानंतरचा आठवडा. त्या दिवसांत लग्न, जत्रा, बाजार शक्य तर टाळा. दारूपासून दूर राहा, कारण दारूच्या घोटाबरोबर बिडी परत येते.

पाचवी गोष्ट, एका नादातून सुटताना दुसरा धरू नका. बिडी सोडली आणि तंबाखू-चुना मळायला लागले, किंवा बायाबापड्यांनी मिश्रीची डबी जवळ केली, तर काही साधले नाही. निकोटिन तेच, फक्त वाट बदलली. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंद आहे. चोरून मिळतो म्हणून तो घेऊ नका. तोंडाचा कर्करोग या तंबाखू-गुटख्यातून होऊ शकतो.

सहावी गोष्ट, औषधाची लाज बाळगू नका. दिवसाला कट्टाभर ओढणाऱ्याला, किंवा सकाळी उठल्याउठल्या बिडी लागणाऱ्याला, निकोटिनचा च्युइंगम किंवा इतर औषधे उपयोगी पडतात. च्युइंगम घेणाऱ्याची बिडी सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. तो पानासारखा चावत राहायचा नसतो. थोडा चावून गालात दाबून ठेवायचा, पुन्हा थोडा चावायचा. पण किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. जिल्हा रुग्णालयात याविषयी विचारा. सरकारची १८००-११-२३५६ ही बिनपैशाची दूरध्वनी सेवाही आहे. तिथे सोडण्याविषयी सल्ला मिळतो आणि पुढेही विचारपूस करतात.

ज्यांच्यावर कसलीच सक्ती आलेली नाही, त्यांनी दुखणे येण्याची वाट पाहू नये. आपणच दिवस ठरवावा. रोज एकेक कमी करत जावे की ठरवलेल्या दिवशी एकदम सोडावी, याची इंग्लंडमध्ये सुमारे ७०० लोकांवर परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. दोन्ही गटांना औषध आणि सल्ला दिला होता. सहा महिन्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले १०० पैकी २२ टिकले होते, कमी कमी करणाऱ्यांतले १५ ते १६. तेव्हा पेरणीचा दिवस ठरवतो तसा दिवस ठरवा, आधी मशागत करा, आणि त्या दिवशी एकदम सोडा.

घरच्या माणसांसाठी चार शब्द

मायबहिणींनो आणि तरुण मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. बिड्या लपवून ठेवल्याने, दुकानदाराला दटावल्याने, चारचौघांत पाणउतारा केल्याने बिडी सुटत नाही. माणूस चोरून ओढायला शिकतो, एवढेच होते. म्हातारा माणूस गोठ्यात जाऊन, कडब्याच्या गंजीआड लपून ओढू लागला तर धोका आणखीच वाढतो.

त्यापेक्षा विचारपूस करा. पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी एकदा विचारा, "आबा, आजचा दिवस कसा गेला?" चिडचिड झाली तर ती आबांची नाही, तलफेची आहे असे समजून सोडून द्या. पंधरा दिवस झाले, महिना झाला, की कौतुक करा. घरात दुसरे कोणी ओढत असेल तर त्याने निदान त्यांच्या समोर ओढू नये. बाप सोडतो आहे आणि मुलगा शेजारी बसून धूर काढतो आहे, असे असेल तर बापाने तरी काय करावे?

आणि एखाद्या दिवशी घसरलेच, एक बिडी ओढलीच, तर ‘गेलं सगळं वाया’ असे म्हणू नका. कुळवणी झाल्यावर रानात हराळीचा एक कोंब दिसला म्हणून आपण पीक मोडतो का? कोंब उपटतो आणि पुढे जातो. कायमची सोडलेल्या माणसांना विचारून बघा. त्यांतल्या पुष्कळांनी आधी तीन-चार वेळा सोडून पुन्हा धरलेली असते. प्रत्येक वेळी ते काहीतरी शिकलेले असतात.

मिळते काय?

हिशेब केल्याशिवाय आपण कुठलेच पीक घेत नाही, म्हणून याचाही हिशेब करू. सोडल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातला धुराचा विषारी वायू निघून जातो. काही आठवड्यांत दम कमी लागतो आणि खोकला उतरू लागतो. वर्षभर टिकलात तर हृदयविकाराचा बिडीमुळे वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. साठीच्या माणसानेही सोडली तरी फायदा होतोच. आता वय झाले, आता काय सोडायची, असे म्हणू नये.

पैशाचे म्हणाल तर, कट्टा वीस रुपयांचा धरला आणि दिवसाला एक लागतो असे धरले, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. एवढ्या पैशात काय काय येते, ते मी आपल्याला सांगायला नको. ते घरातल्या माणसांना विचारा, त्या लगेच सांगतील.

लक्षात ठेवा

१. सक्तीने बिडी थांबते. निश्चयाने आणि सोबतीने सुटते.
२. शरीराची मागणी दोन ते चार आठवड्यांत उतरते. दवाखान्यात गेलेले दिवस त्यातच मोजा.
३. घरी येण्याआधी आपल्या तलफेच्या जागा मोजा आणि प्रत्येकीवर तोड ठरवा.
४. तलफ तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ काढा.
५. पहिला आठवडा जपा, पहिला महिना घरच्यांनी सोबत करावी.
६. बिडीच्या बदली तंबाखू, मिश्री किंवा गुटखा धरू नका.
७. गरज वाटल्यास डॉक्टरांची मदत घ्या किंवा १८००-११-२३५६ वर विचारा.
८. घसरलात तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरुवात करा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या शेजारीपाजारी आज कोणी दवाखान्यात असेल आणि तो बिडी ओढणारा असेल, तर त्याला भेटायला जाताना ही पत्रिका बरोबर न्या. तो घरी आल्यावर पारावर त्याची गाठ पडेल, तेव्हा त्याच्यापुढे बिडी करू नका. "महिना झाला की राव, छान जमलं," एवढे म्हणा. मुठीत बिडी देणारे दोस्त पुष्कळ असतात, असे म्हणणारा एखादाच असतो. तो आपण व्हा.

पुढील भाषणात खरिपासाठी बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, याची माहिती देणार आहे. तोपर्यंत रजा घेतो. नमस्कार.